सेल्फ-हेल्प कोर्सने फरक 'जाणवतो', पण पडतो का?

दोन दिवसांचं वर्कशॉप करून माणूस घरी येतो तेव्हा त्याचा चेहराच वेगळा असतो, बोलण्यात जोर असतो, उद्यापासून पाचला उठणार, रोज चालणार, चिडचिड बंद, सगळं ठरलेलं असतं, आणि ते खोटं नसतं बरं का, त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असतं. तीन महिन्यांनी विचारा, "काय मग, काही फायदा?" तर उत्तर येतं, "हो, खूप फरक जाणवला." मला या 'जाणवला' शब्दाबद्दलच बोलायचंय. फरक जाणवणं वेगळं आणि फरक पडणं वेगळं, आणि ही गोष्ट एका फार हुशार प्रयोगात अगदी उघडी पडलीय.

कॅसेटचा जमाना होता तेव्हा अमेरिकेत एका प्रकारच्या टेप्स भरपूर खपायच्या. वर नुसतं छान संगीत ऐकू येतं आणि आत म्हणे कानाला न कळणारे संदेश भरलेत, ते थेट अंतर्मनात जातात. काही टेप्स स्मरणशक्ती वाढवायच्या, काही आत्मविश्वास वाढवायच्या. ॲन्थनी ग्रीनवाल्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त लोकांना या टेप्स दिल्या, महिनाभर रोज ऐकायला सांगितल्या आणि गुपचूप एक गोष्ट केली, निम्म्या टेप्सची लेबलं बदलली. म्हणजे वर लिहिलंय 'स्मरणशक्ती' आणि आत आहे आत्मविश्वासवाली टेप. महिन्यानंतर रीतसर चाचण्या घेतल्या तर टेपमधल्या मजकुराचा काहीही परिणाम नाही, ना स्मरणशक्तीवर ना आत्मविश्वासावर. पण लोकांना विचारलं तेव्हा साधारण निम्म्या लोकांनी सांगितलं की हो, सुधारणा झाली, आणि कशात झाली? तर लेबलवर जे लिहिलं होतं त्यात! १९९१ साली हे छापून आलं. मला वाटतं कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी हा एवढा प्रयोग प्रत्येकाला माहीत असायला हवा, कारण जाहिरातीत जे अनुभव सांगतात ते सांगणारे लोक प्रामाणिकच असतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं, पण त्यावरून कोर्समध्ये काही दम आहे की नाही हे कळत नाही.

मग कळतं कशावरून? मोजून. वजन काट्यावर, शुगर रिपोर्टमध्ये, किती दिवस चाललो ते कॅलेंडरवर. त्यातही आधीचा आकडा लिहून ठेवलेला हवा, नाहीतर आपली आठवण सोयीप्रमाणे सरकते.

आता मोटिव्हेशनचं बघू, कारण बहुतेक कोर्सेसमध्ये सगळ्यात जास्त वेळ त्यालाच दिलेला असतो. सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाला काही विशेष दिलं नाही. दुसऱ्या गटाला व्यायाम केला नाही तर हृदयाला काय धोका असतो, केला तर काय फायदा होतो असं मन वळवणारं साहित्य वाचायला दिलं. तिसऱ्या गटाला तेच साहित्य दिलं आणि शिवाय एक वाक्य लिहून घेतलं, येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी २० मिनिटं व्यायाम करेन. आठवड्यानंतर पहिल्या गटातल्या ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला होता. मोटिव्हेशनवाल्या गटात ३५ टक्के. म्हणजे इच्छा वाढली होती, पण पाय काही हलले नव्हते. आणि दिवस-वेळ-जागा लिहिलेल्या गटात ९१ टक्के!

पीटर गोलविट्झर हा जर्मन मानसशास्त्रज्ञ यावर अनेक वर्षं काम करतोय. त्याचं म्हणणं असं की 'मी चालायला जाईन' हा निश्चय झाला, पण 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं बांधून ठेवलं की तो प्रसंगच तुम्हाला आठवण करून देतो, आयत्या वेळी मनाशी भांडत बसावं लागत नाही.

हे मी आमच्या घरात बघितलंय. आईला शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रात्री जेवण झालं की अर्धा तास चाला. मी तिला मोबाईलवर ॲप टाकून दिलं, रिमाइंडर लावला, व्हिडिओ पाठवले, ती सगळं बघायची, "हो रे, खरंय ते" म्हणायची आणि भांडी आवरून टीव्हीसमोर बसायची. मग एक दिवस नुसतं एवढंच ठरवलं की ओटा पुसून फडकं वाळत टाकलं की तिथूनच सरळ चप्पल घालायची, मध्ये हॉलमध्ये यायचंच नाही. चप्पलसुद्धा पुढच्या दारातून उचलून किचनच्या मागच्या दाराशी ठेवली. आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, त्या साडेआठला खालून हाक मारतात, "वहिनी, येताय ना?" फडकं आणि ही हाक, या दोन गोष्टींनी जे केलं ते माझ्या वीस व्हिडिओंनी केलं नव्हतं.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रयोगातले आकडे खऱ्या आयुष्यात तेवढे मोठे राहत नाहीत. अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीचं पत्र पाठवलं, काहींच्या पत्रात तारीख आणि वेळ लिहायला रिकामी जागा ठेवली. साधं पत्र मिळालेल्या ३३.१ टक्के लोकांनी लस घेतली, तारीख-वेळ लिहायला सांगितलेल्यांपैकी ३७.१ टक्के लोकांनी. चार टक्क्यांचा फरक. कागदावर दोन रिकाम्या जागा ठेवायला खर्च काहीच नाही, त्यामुळे मला तरी हा फरक छोटा वाटत नाही, पण 'आयुष्य बदलेल' असं कोणी म्हणत असेल तर त्याच्यासमोर हा आकडा ठेवावा.

स्वप्नं रंगवण्याचंही तसंच. डोळे मिटा, बारीक झालेले तुम्ही बघा, लोक कौतुक करतायत ते ऐका... गॅब्रिएल ओटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या प्रोग्रॅममधल्या २५ बायकांचा अभ्यास केला. 'मला हे जमेल' असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, पण ज्या यशाची गोड गोड चित्रं रंगवत होत्या त्यांचं इतरांपेक्षा सुमारे ११ किलो कमी उतरलं. विश्वास आणि दिवास्वप्न या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत टाकतो, त्या वेगळ्या आहेत. नंतर ओटिंगनने सुचवलं की हवं ते डोळ्यासमोर आणा आणि लगेच आपल्या आतला अडथळाही आणा, आईच्या बाबतीत तो टीव्हीसमोरच्या सोफ्याचा मोह होता, आणि प्लॅन त्या अडथळ्यासाठी करा.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात त्याचं काय, असं हमखास विचारतात. ते आलंय मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून. त्याने १९६० साली लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. नाकाचं ऑपरेशन आणि पहाटे उठणं यांचा संबंध काय? शिवाय 'निदान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळून गेला. फिलिपा लॅली हिने लंडनमध्ये ९६ लोकांवर १२ आठवडे लक्ष ठेवून सवय अंगवळणी पडायला किती वेळ लागतो याचा हिशोब काढला तेव्हा मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज)! जेवताना पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. म्हणून २२व्या दिवशी जड गेलं की 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं वाटून जे लोक सोडून देतात त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना आकडाच चुकीचा सांगितलेला असतो. आणि याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही.

आता प्रोग्रॅम बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जेराल्ड रोझेन आणि मॅन्युएल बरेरा यांनी सत्तरच्या दशकात सापाच्या भीतीवर घरच्या घरी करायचा प्रोग्रॅम तपासला. निम्म्या लोकांनी तो पूर्ण केला आणि त्यांची भीती खरंच कमी झाली. मग त्यात सुधारणा म्हणून स्वतःलाच बक्षीस देण्याचा करार जोडला. ऐकायला किती छान! पण हा सुधारलेला प्रोग्रॅम एकानेही पूर्ण केला नाही, ५० टक्क्यांवरून थेट शून्य. चांगल्या हेतूने जोडलेली, शास्त्रीय वाटणारी गोष्टसुद्धा तपासल्याशिवाय चालते असं धरू नये, आणि बाजारातले बहुतेक कोर्सेस असे तपासलेलेच नसतात.

एकट्याने पूर्ण करणं हीच तर खरी अडचण आहे. ब्रिटनमध्ये डिप्रेशनच्या ६९१ पेशंट्सवर झालेल्या, २०१५ मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये कॉम्प्युटरवर स्वतः करायचे दोन प्रोग्रॅम दिले होते, दोन्ही आधीच्या छोट्या अभ्यासांत चांगले ठरलेले, पण निम्म्या लोकांनी एखाद-दोन सेशनपलीकडे मजल मारली नाही आणि डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

याच्यासमोर गोवा ठेवून बघा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या ४९५ पेशंट्सवर ट्रायल केली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशक कोण, तर मानसोपचाराची पदवी नसलेली, ट्रेनिंग दिलेली स्थानिक माणसं. सहा ते आठ भेटी, आणि काम काय, तर आनंद देणाऱ्या, सुटलेल्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करायच्या आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, या भेटींशिवाय नुसते नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हा उपचार आहे, सेल्फ-हेल्प नव्हे, आणि मन खरंच आजारी असेल तर कोर्सच्या मागे न लागता डॉक्टर गाठावा किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. पण पुढच्या भेटीत कोणीतरी प्रेमाने विचारणार आहे, हा धागा मला आमच्या काकूंच्या हाकेतही दिसतो.

आई फ्रिजवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला पेनाने बारीक फुली मारते. गणपतीचे पाच दिवस कोरे आहेत, घरात पंगतीच्या पंगती होत्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली आहे, आणि मागच्या रिपोर्टपेक्षा या वेळचा जेवणानंतरचा आकडा खाली आलाय, तो तिने त्याच चौकोनात लिहून ठेवलाय.