खांद्याचा धक्का: मराठवाड्यातल्या बंदुकांची पार्श्वभूमी

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळच्या शिकाऱ्याच्या हातात काय असे, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. ती ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. तिच्यात सोरा, कोळसा आणि गंधकाची काळी दारू भरलेली असे. ही दारू गोळीला फार वेग देत नाही. मग मोठं जनावर पाडायचं तर गोळी जड करायची आणि दारूही वाढवायची, एवढाच उपाय उरे. त्याची किंमत खांदा मोजत असे.

बंदूक मागे का मारते, याचा हिशेब सरळ आहे. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातो, तितक्याच जोराने बंदूक मागे येते. त्यामुळे दारूचं वजनही धक्क्यात धरावं लागतं. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग तर धूर आणि काजळी होऊनच नळीबाहेर पडतो. काडतूस तेच ठेवून बंदूक दुप्पट जड केली, तर धक्क्याची ऊर्जा निम्म्यावर येते. एकोणिसाव्या शतकात हत्ती-गव्यांसाठी केलेल्या बंदुका आठ-नऊ किलोपर्यंत गेल्या, त्या यामुळेच.

खरा फरक बिनधुराच्या दारूने पडला. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने ती १८८४ मध्ये तयार केली, पुढे इंग्रजांची तशीच दारू, कॉर्डाइट, आली. ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री रायफल ३१ ग्रॅमची गोळी झाडायची, आणि ती खांदा ठेचते अशी शिपायांची तक्रार असे. तिच्यानंतर १८८८ मध्ये आलेल्या .३०३ ची (हा आकडा म्हणजे नळीच्या तोंडाचं इंचातलं माप) गोळी १४ ग्रॅमची होती. वजन निम्म्याहून कमी, वेग कितीतरी जास्त आणि धक्का सौम्य. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जी रायफल भेट मिळाली, तीही .२७५ ची, म्हणजे लहान तोंडाची होती.

आपल्याकडे मात्र निवड खांद्यापेक्षा कायद्याने जास्त ठरवली. सरकारी फौजेची काडतुसं लोकांच्या बंदुकीत चालू नयेत म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३०३ आणि .४५० वर बंधनं आणली. त्यातूनच पुढे नागरिकांसाठी .३१५ रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली आणि परवानाधारकाच्या घरी तीच दिसू लागली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हा वेगळा प्रकार मान्य केला. म्हणजे ज्या बंदुकीपासून ही गोष्ट सुरू होते, ती शेतकऱ्याच्या हातात कायद्यानेच राहिली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली, आणि ते योग्यच झालं. आज किनवटपासून धारूरपर्यंत बंदुकीचा विषय निघतो तो रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी तूर, हरभरा, ज्वारी उद्ध्वस्त केल्यावर, आणि तेही वनखात्याची रीतसर परवानगी हातात असेल तरच. काळवीट कितीही नासधूस करो, त्याच्यावर बंदूक रोखायची नाही.

अशा वेळी धक्क्याचा प्रश्न सोसण्याचा राहत नाही, नेमाचा होतो. एकदा खांदा दुखावला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच माणूस दचकतो, डोळे मिटतो आणि गोळी पोटात किंवा पायात बसते. जखमी डुक्कर उसात शिरतं आणि सकाळी खुरपायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं. म्हणून ‘मोठी बंदूक म्हणजे खात्री’ हा समज मला धोक्याचा वाटतो. ‘रायफल खांद्याला जास्त मारते’ हेही सरसकट खरं नाही. बारा बोअरच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, नेहमीच्या काडतुसात तीसेक ग्रॅम छर्रे असतात आणि बंदूक जेमतेम तीन किलोची. तिचा धक्का चार किलोच्या .३०३ पेक्षा जास्त बसतो.

हिशेबातला धक्का आणि अंगाला जाणवणारा धक्का यांतलं अंतर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, ठरवतो. अरुंद दस्ता आणि त्यावर धातूची पट्टी असेल, तर सगळा जोर एका जागी येतो. रुंद दस्ता आणि रबरी पॅड असेल, तर तोच जोर पसरतो आणि थोडा जास्त वेळ घेतो. लांबीचं महत्त्व त्याहून मोठं आहे. इंग्रजी मापाचा दस्ता चापापासून साधारण ३६ सेंटिमीटर असतो. ठेंगण्या माणसाला तो खांद्याच्या खोबणीत नीट बसत नाही, दंडावर सरकतो आणि तिथेच काळंनिळं होतं. हिवाळ्यात जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, जाताना अंगात जाड स्वेटर असतो, त्याने हे माप आणखी वाढतं. म्हणून दस्ता बघायचा तो जागलीच्या कपड्यांतच, आणि त्यावर पॅड चढवलं तर तेवढं लाकूड कमी करून घ्यायचं. पालथं पडून झाडताना अंग मागे झुकायला जागा नसते, त्यामुळे तीच बंदूक तिथे जास्त लागते.

नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का बराच कमी करतो, पण आवाज वाढवतो. आवाजानेही माणूस दचकतोच, आणि शेजारी बॅटरी धरून उभ्या असलेल्या माणसाचे कान तर थेट त्या वायूच्या वाटेत येतात. शेतातल्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. त्यापेक्षा अर्धा किलो जड रायफल घ्यावी.