एकदांडीचं फूल आणि नऊ मायक्रॉनचा थर

"मामा, हा एआयनं केलेला फोटो आहे ना?" परवा भाचीनं विचारलं. मी काढलेला एकदांडीच्या फुलाचा फोटो ती बघत होती. पिवळ्या नळीतून वर आलेले, शिंगांसारखे मागे वळलेले कुक्षीचे (फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकाचे) दोन फाटे, त्यांना चिकटलेले काटेरी परागकण, आणि हे सगळं पुढून मागपर्यंत स्वच्छ. "शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये एक टोक नीट दिसलं की दुसरं धूसर होतं. तुझ्या फोटोत सगळं एकदम कसं दिसतं?"

तिची शंका रास्त होती. मायक्रोस्कोपमधून असं दृश्य एका वेळी दिसत नाहीच. तो एक फोटो १७० फोटो जोडून झाला आहे.

एकदांडी, म्हणजे काहींचा दगडी पाला, रस्त्याच्या कडेला कुठंही उगवते. लहानपणी गुडघा फुटला की आम्ही तिचाच पाला चोळायचो. लांब दांड्यावर एकच फूल दिसतं, पण ती असते फुलांची जुडी. मधल्या प्रत्येक पिवळ्या फुलात पाच परागकोश एकमेकांना चिकटून नळी होते आणि पराग त्या नळीच्या आतच सांडतात. मग खालून कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षीचा दांडा, वाढत येतो, बाटली धुवायच्या ब्रशसारखा पराग वर ढकलत बाहेर पडतो, आणि मगच त्याचे दोन फाटे उलगडतात. फोटोत घेतलेला हा सगळा भाग जेमतेम एक मिलिमीटर उंचीचा.

दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे मायक्रोस्कोपच्या वस्तूजवळच्या भिंगातून, त्या उंचीतला फक्त ९ मायक्रॉनचा थर स्पष्ट दिसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. बाकी सगळं धुकं. मोबाइल २०० मेगापिक्सेलचा घेतला तरी हा थर जाड होणार नाही, कारण अडचण कॅमेऱ्यात नाही, प्रकाशात आहे.

ती अशी. फुलावरच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश चहूकडे पसरतो. त्यातला एक शंकू ऑब्जेक्टिव्ह पकडतं. तो शंकू किती रुंद, हे ऑब्जेक्टिव्हवर कोरलेलंच असतं: १०/०.२५ मधला ०.२५, म्हणजे न्यूमरिकल अपर्चर. शंकू जितका रुंद तितका तपशील बारीक, हे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी जर्मनीतल्या येना इथं १८७३ मध्ये मांडलं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन. तिला ०.६१ नं गुणून ०.२५ नं भागलं की १.३ मायक्रॉन येतात. एवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. पण नरसाळं जितकं पसरट तितकं ते टोकापासून लगेच रुंदावतं. म्हणून रुंद शंकूत बिंदू जरा मागंपुढं झाला की त्याची चकती होते. थराची जाडी काढताना तीच तरंगलांबी ०.२५ च्या वर्गानं भागायची: ०.५५ भागिले ०.०६२५, म्हणजे ८.८. सगळी मेख या वर्गात आहे. अपर्चर दुप्पट केलं तर तपशील दुप्पट बारीक होतो, पण थर एक चतुर्थांश उरतो. उलट शंकू अरुंद केला की थर जाड होतो, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळं, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना तो पसरतो त्यामुळं, परागकणांचे काटे पुसले जातात. यातून पळवाट नाही.

म्हणून तो पातळ थरच फुलातून वरून खाली सरकवायचा. माझ्या जुन्या मायक्रोस्कोपच्या बारीक फोकसच्या चाकावर दर खुणेला २ मायक्रॉन सरकतात. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढून वर कॅमेरा बसवला, फुलाभोवती ट्रेसिंग पेपरची नळी, बाहेरून दोन एलईडी दिवे. तीन खुणा, एक फोटो, पुन्हा तीन खुणा. दोन थर एकमेकांवर थोडे चढावेत म्हणून ९ ऐवजी ६ मायक्रॉनची पायरी.

पुढचं काम हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारखं सॉफ्टवेअर करतं. शेजारच्या ठिपक्यांमधला उजेड-अंधाराचा फरक जिथं जास्त, तिथं फोकस नेमका. प्रत्येक जागेसाठी १७० पैकी तसा फोटो शोधून तेवढाच तुकडा ते उचलतं. चुकाही होतात. फुलावरचा एक केस दुसऱ्यावरून गेला की त्याच्या कडेला पांढुरकी झालर उमटते. एकदा तर माझ्या फोटोत कुक्षीला तीन फाटे आले! फोटो काढता काढता देठ सुकून एक फाटा खाली कलला होता, त्याच्या दोन्ही जागा जोडल्या गेल्या. तेव्हापासून देठाला ओला कापूस गुंडाळतो आणि फाटे फुलाशी पडताळतो.

असं पडताळून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कृष्णकमळात शंभर कौरव, पाच पांडव आणि तीन देव असतात, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. पाच परागकोश आणि तीन कुक्षी खऱ्याच असतात. पण त्या निळ्या तंतूंची संख्या शंभरच असते असं नाही, ती बदलते. शिवाय बागेतलं कृष्णकमळ मूळचं अमेरिका खंडातलं, त्यामुळं महाभारताशी त्याची गाठ पडणं शक्य नाही. एकदा तंतू मोजून बघा.

भाचीला मी उत्तर म्हणून त्या १७० फोटोंचा फोल्डरच उघडून दिला. ती एकेक फोटो पुढं सरकवत राहिली. ६१ व्या फोटोत धुक्यातून एका परागकणाचे वरचे काटे वर आले, ६३ व्यात त्याची गोल कड, आणि ६६ व्यात तो कण पुन्हा विरघळला. ती परत ६१ वर गेली.