न्यूट्रिनोचे चुंबकीय परिबल : कोलायडरमधील शोध

न्यूट्रिनो हा मूलकण विद्युतभाररहित आहे, पण त्याला वस्तुमान असल्यामुळे आभासी (क्षणभरच उद्भवणारे) डब्ल्यू बोसॉन, म्हणजे क्षीण बलाचे वाहक कण, व भारित लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ) यांच्या वलयांतून त्याला अत्यल्प चुंबकीय परिबल, म्हणजे इवल्या चुंबकासारखा गुण, मिळते. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाच्या डिरॅक न्यूट्रिनोसाठी (ज्याचा प्रतिकण वेगळा असतो) हे मूल्य सुमारे ३.२ × १०⁻¹⁹ बोर मॅग्नेटॉन (कणांच्या चुंबकीय परिबलाचे एकक) येते. त्याहून मोठे परिबल सापडले, तर ती नव्या भौतिकीची खूण ठरेल.

चुंबक लावून ते थेट मोजणे शक्य नाही. कोल्हापुरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असून ते बरेचसे क्षितिजसमांतर आहे. परिबल १०⁻¹² बोर मॅग्नेटॉन इतके उदार धरले, तरी माथ्यावरून येणाऱ्या न्यूट्रिनोचे स्पिन शेवटच्या १०० किलोमीटरांत जेमतेम दोन अब्जांश रेडियन वळेल. म्हणून कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, टकरींतून निघणाऱ्या कणांवर नजर ठेवावी लागते.

एकाकी फोटॉन. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या लेप कोलायडरमध्ये इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीत झेड बोसॉन (क्षीण बलाचा भाररहित वाहक; वस्तुमान सुमारे ९१.२ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) तयार होई. त्याच्या विघटनातील न्यूट्रिनोने परिबलामुळे फोटॉन सोडला, तर शोधकात तो एकच फोटॉन दिसेल. इथली खुबी ऊर्जेत आहे. टकरीआधीच इलेक्ट्रॉनाने जोरकस फोटॉन सोडला, तर उरलेली ऊर्जा झेडच्या शिखराखाली (झेड सर्वाधिक तयार होतात त्या ऊर्जेखाली) घसरते आणि ही पार्श्वभूमी, म्हणजे संकेतासारख्या दिसणाऱ्या इतर घटना, आपोआप दबते. न्यूट्रिनोने नंतर सोडलेल्या फोटॉनाला ही अडचण नाही. त्यामुळे मऊ (कमी ऊर्जेचे) फोटॉन वगळून जोरकस तेवढेच घ्यायचे. लेपवरील एल-३ शोधकातील सुमारे ११,००० बीजीओ (बिस्मथ जर्मनेट) स्फटिक, प्रत्येकी २४ सेंटीमीटर लांब, याच कामी आले. १९९७ साली टाऊ न्यूट्रिनोवर ३.३ × १०⁻⁶ बोर मॅग्नेटॉन ही मर्यादा निघाली.

झेनॉन-एनटी या द्रवरूप झेनॉन वापरणाऱ्या भूमिगत शोधकाची २०२२ची सौर न्यूट्रिनोंवरील मर्यादा (६.४ × १०⁻¹² बोर मॅग्नेटॉन) याच्या सुमारे पाच लाख पट कडक आहे. चुंबकीय विकिरण, म्हणजे परिबलामुळे न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉनावर आपटून विखुरणे, कमी प्रतिक्षेप-ऊर्जेला (धक्का बसलेल्या इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेला) १/ऊर्जा असे वाढते, म्हणून तिथे शांत, कमी उंबरठ्याचा (अत्यल्प ऊर्जाही टिपणारा) शोधकच सरस. मात्र सौर न्यूट्रिनो तिन्ही जातींचे (इलेक्ट्रॉन, म्यूऑन व टाऊ) मिश्रण असते; परिबल नेमके कोणत्या जातींना जोडते, हे कोलायडरमध्ये सोबतच्या लेप्टॉनांवरून कळू शकते.

समभारी लेप्टॉन. न्यूट्रिनो मेजोराना, म्हणजे स्वतःचाच प्रतिकण, असेल, तर केवळ दोन भिन्न जातींमधले संक्रमणी परिबल शक्य असते. म्हणून सर्नच्या एलएचसी या कोलायडरमध्ये समान भाराचे इलेक्ट्रॉन व म्यूऑन एकत्र शोधायचे. दोन म्यूऑनांची जोडी इथे कामाची नाही, ती मेजोराना वस्तुमानाच्या पदाच्या शोधासाठी.

कोल्हापुरात लॅपटॉपवर अशा समभारी जोड्या शोधण्याचा सराव सर्नच्या खुल्या विदासंचातील सीएमएस या एलएचसीवरील शोधकाच्या नोंदींवर करता येतो. फसगत बहुधा इलेक्ट्रॉनाच्या भारात होते : शोधकाच्या द्रव्यात तो फोटॉन सोडतो, फोटॉनाची जोडी बनते आणि उलट भाराचा माग मोजला जातो. टॉप क्वार्क जोड्यांतून विषमभारी इलेक्ट्रॉन-म्यूऑन विपुल येतात. त्यांतले थोडे जरी उलटले, तरी खोटा संकेत उभा राहतो. हा उलटण्याचा दर आधी ९१ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या (म्हणजे झेडपासूनच्या, मुळात विषमभारी असलेल्या) समभारी इलेक्ट्रॉन-जोड्यांवरून, बीमरेषेशी असलेल्या कोनानुसार वेगवेगळा काढावा. टोकांकडे द्रव्य जास्त असल्याने तिथे तो बराच वाढतो.