वॅट, व्होल्ट आणि अँपिअर यांचे परस्पर रूपांतर

विद्युत मंडलातील शक्ती, दाब आणि प्रवाह या तीन राशींपैकी दोन माहीत असताना तिसरी काढण्याच्या आकडेमोडीला व्यवहारात वॅट, व्होल्ट आणि अँपिअर यांचे रूपांतर म्हणतात. रूपांतर हा शब्द येथे सैलपणेच वापरला जातो. किलोमीटर आणि मैल ही एकाच राशीची मापे आहेत, म्हणून एकाचे दुसरे करता येते. ही तीन मात्र वेगवेगळ्या राशींची एकके आहेत. त्यामुळे ‘एक अँपिअर म्हणजे किती वॅट?’ या नेहमीच्या प्रश्नाला दाब सांगितल्याशिवाय उत्तरच नसते : १२ व्होल्टला ते १२ वॅट, तर २३० व्होल्टला २३० वॅट.

मूळ संबंध असा : शक्ती = दाब × प्रवाह. तो पाठ करण्याची गरज नाही, कारण तो एककांच्या व्याख्यांतूनच निघतो. एक व्होल्ट म्हणजे दर कुलंब विद्युतभारामागे एक जूल ऊर्जा आणि एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कुलंब. दोहोंचा गुणाकार केला की कुलंब छेदले जातात आणि दर सेकंदाला एक जूल, म्हणजेच एक वॅट, उरतो. व्होल्ट आणि अँपिअर ही नावे १८८१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वीकारली गेली. वॅट हे नाव विल्यम सीमेन्स यांनी पुढच्याच वर्षी सुचवले, तेही एक व्होल्ट दाबाखाली वाहणाऱ्या एक अँपिअर प्रवाहाची शक्ती याच अर्थाने.

सूत्र सोपे असले तरी त्यात कोणता आकडा घालायचा, येथेच बहुतेक चुका होतात. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या २,००० वॅटच्या हीटरचा प्रवाह २,००० ÷ २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर येतो. आता दाब दहा टक्क्यांनी उतरून २०७ व्होल्ट झाला, तर २,००० ला २०७ ने भागून ९.७ अँपिअर असे उत्तर काढण्याचा मोह होतो, आणि ते साफ चुकते. हीटरमध्ये स्थिर राहतो तो तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, शक्ती नव्हे. ओहमच्या नियमाने (रोध = दाब ÷ प्रवाह) हा रोध २६.४५ ओहम आहे. २०७ व्होल्टला त्यातून ७.८ अँपिअरच वाहतील आणि शक्ती १,६२० वॅटवर येईल. दाबात दहा टक्के घट, तर उष्णतेत एकोणीस टक्के, कारण स्थिर रोधात शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संगणकाच्या चार्जरचे याच्या नेमके उलट असते. त्यातील स्विचिंग मंडल बाहेर पुरवायची शक्ती कायम राखते, म्हणून येणारा दाब कमी झाला की ते पुरवठ्यातून जास्त प्रवाह ओढते. उपकरणावरील वॅटचा आकडा हा त्यावरच छापलेल्या दाबाला लागू असतो, हे विसरून चालत नाही.

एकदिश प्रवाहात (डीसी) एवढ्याने भागते. प्रत्यावर्ती प्रवाहात (एसी) दाब आणि प्रवाह दोन्ही सतत बदलत असल्याने त्यांची आरएमएस मूल्ये, म्हणजे वर्गांच्या सरासरीची वर्गमुळे, घेतात. २३० व्होल्ट हा तसाच आकडा असून लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. शिवाय मोटर किंवा चोक यांसारख्या उपकरणांत प्रवाह दाबाच्या मागे पडतो, म्हणून गुणाकाराला शक्तिगुणकाची, म्हणजे खरी शक्ती आणि दाब-प्रवाहाचा गुणाकार यांच्या गुणोत्तराची, जोड द्यावी लागते. समजा, २३० व्होल्टवर एखादे यंत्र ४ अँपिअर घेत आहे आणि वॅटमापक ६०० दाखवतो. मापक बिघडलेला नाही : ९२० हा गुणाकार व्होल्ट-अँपिअरचा आहे, वॅटचा नव्हे, आणि ६०० ÷ ९२० म्हणजे सुमारे ०.६५ हा त्या यंत्राचा शक्तिगुणक आहे. तारेला मात्र पूर्ण ४ अँपिअर वाहून न्यावे लागतात. तारेची जाडी वॅटवरून न ठरवता अँपिअरवरून ठरवतात, ती यामुळेच.

समतोल थ्री-फेज पुरवठ्यात (तीन फेजांच्या तारांतून येणाऱ्या, तिन्हींवर सारखा भार असलेल्या) दोन फेजांमधला दाब, एका तारेतला प्रवाह आणि शक्तिगुणक यांच्या गुणाकाराला आणखी १.७३२ ने, म्हणजे ३ च्या वर्गमूळाने, गुणतात. मोटरच्या पट्टीवर लिहिलेली शक्ती सहसा शाफ्टवर मिळणारी असते, म्हणून ७.५ किलोवॅटच्या मोटरची कार्यक्षमता ०.८८ धरली, तर पुरवठ्यातून सुमारे ८,५२० वॅट घ्यावे लागतात. दाब ४०० व्होल्ट आणि शक्तिगुणक ०.८५ असताना प्रत्येक तारेत सुमारे १४.५ अँपिअर येतात. कार्यक्षमता आणि शक्तिगुणक दोन्ही वगळणाऱ्याला हेच उत्तर १०.८ मिळेल आणि त्याने निवडलेला ब्रेकर मोटर पूर्ण भाराने चालू लागल्यावर पडत राहील.

बॅटरीवरील अँपिअर-तास हे प्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकाराचे एकक असून त्याचे वॅट-तास करतानाही दाब लागतोच. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ५ व्होल्टला ५० वॅट-तास देईल असा समज असतो. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून तीत ३७ वॅट-तासच असतात. ५ व्होल्टला ते जास्तीत जास्त ७,४०० मिलिअँपिअर-तास होतात आणि दाब चढवणाऱ्या मंडलात जाणारी ऊर्जा त्यातूनही वजा होते.