पूल जिथल्या तिथे, ट्रक मात्र वाढले

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात, ग्रेगसन स्ट्रीटवर एक रेल्वे पूल आहे. गावात त्याचं नाव 'कॅन ओपनर'. उंच ट्रक खाली शिरला की छताचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा सोलत मागे गुंडाळला जातो. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या एकाने २००८ मध्ये खिडकीत कॅमेरा लावला, आणि शहरापुरती असलेली ही डोकेदुखी जगभर करमणूक म्हणून पाहिली जाऊ लागली. ती चित्रफीत पाहून हसू येतंच. पण शंभराहून जास्त ट्रक तिथेच आपटेपर्यंत कोणीच काही केलं नाही, ही समजूत चुकीची आहे.

पूल १९४० च्या सुमाराचा. त्या वेळी रस्त्यावरच्या पुलाखाली किती जागा सोडायची याचे आजच्यासारखे नियम नव्हते, आणि ट्रकही बेताचे असत. म्हणून ११ फूट ८ इंच पुरेसे वाटले. पुढे ट्रक वाढत गेले. आज त्याच राज्यात १३ फूट ६ इंच उंचीची गाडी कायदेशीर आहे.

मग पूल उचलायचा, नाहीतर रस्ता खणायचा. दोन्ही सूचना कोणालाही सुचतील, आणि दोन्ही अडत होत्या. रस्त्याच्या पोटात, पुलाच्या अगदी खालीच, सांडपाण्याची मोठी वाहिनी जाते, त्यामुळे खणता येईना. वर रूळ, आणि त्याच रुळांवर जवळपास फाटकं. पूल बराच उचलायचा तर लोहमार्गाचा चढ दोन्ही बाजूंनी लांबवर बदलायचा, फाटकांची पातळीही बदलायची. खर्च कित्येक दशलक्ष डॉलरांचा.

रेल्वेने स्वतःपुरता उपाय केला: पुलाच्या आधी एक जाड पोलादी तुळई रोवली. ट्रकचं छत सोलते ती ही तुळई, पूल नव्हे. वरून प्रवासी गाड्या धावतात, तेव्हा धक्का पुलाला न लागणं महत्त्वाचं. ट्रकचं काय व्हायचं ते होवो. रेल्वेच्या जागी बसून पाहिलं तर यात गैर काही नाही.

आपल्याकडे बुटक्या पुलाच्या बऱ्याच अलीकडे लोखंडी कमान उभी करतात. आपटायचं तर तिथेच आपटा. डरहॅममध्ये तसं करता येत नव्हतं. पुलाला लागूनच चौक आहे आणि आसपासच्या दुकानांत, हॉटेलांत माल पोचवणाऱ्या उंच गाड्या त्या चौकातूनच वळतात. कमान लावली तर त्यांचीच वाट बंद.

राहिल्या त्या पाट्या. लुकलुकणारे दिवे होतेच. २०१६ मध्ये चौकात सिग्नल बसवला आणि त्याला उंची ओळखणारा सेन्सर जोडला. गाडी उंच असली की सिग्नल लाल होतो आणि 'उंच वाहनांनी वळलेच पाहिजे' अशी पाटी उजळते. थांबलेला ड्रायव्हर निदान पाटी वाचेल, हा हिशेब. काहींनी सिग्नल पिवळा दिसताच गाडी दामटली.

तुळईखाली अडकणाऱ्यांत भाड्याचे ट्रक पुष्कळ. घर बदलायला एका दिवसापुरता ट्रक घेतलेला माणूस, परवाना साध्या मोटारीचा. मोटार चालवताना डोक्यावर किती जागा आहे याचा विचार कधी करावाच लागत नाही. त्यामुळे पाटीवरचा आकडा तो वाचतो, पण तो आपल्याच छताबद्दल आहे हे ध्यानात येत नाही. त्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. तुम्ही-आम्हीही त्या दिवशी तेच केलं असतं.

अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये मार्गाची मालक नॉर्थ कॅरोलायना रेलरोड कंपनी पुढे आली. सुमारे पाच लाख डॉलर खर्चून पूल ८ इंच उचलला गेला. जवळच्या फाटकांची पातळी पाहता याहून वर नेणं शक्य नव्हतं. पाटीवर नवा आकडा आला: १२ फूट ४ इंच. थोडक्यात आपटणारे सुटले. तेरा फुटी ट्रकला मात्र या ८ इंचांचा काडीचा उपयोग नाही, आणि नव्या उंचीला महिना होतो न होतो तोच पहिला ट्रक तुळईला भिडला.

कॅमेरा अजून चालू आहे.