देशाला बोल लावणारा लेखक देशभक्त असतो का? थोडी मागची गोष्ट

दरवर्षी १२ जानेवारी आली, इकडे गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गडबड सुरू झाली की सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, आणि त्याच दिवसांत कुठल्यातरी लेखकाच्या बोलण्यावरनं चहाच्या गाड्यावर वाद पेटलेला असतोच, 'देशाविरुद्ध बोलतोय आणि ह्याला मोठा लेखक म्हणायचं होय बे?' हा प्रश्न आजचा नाही, त्याच्यामागं पावणेदोनशे वर्षांची भांडणं आहेत.

त्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन पेपरवाले होते, 'गझनफर' नावाचा पेपर काढायचे आणि गिरणी कामगारांत काम करायचे. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, गोळीबार झाला, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ऐन विशीतले कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. तेव्हाच्या सरकारी कागदात हे सगळे गुन्हेगारच होते. म्हणजे सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला देशभक्त म्हणायला आपल्याला काहीच जड जात नाही, फक्त सरकार इंग्रजांचं पाहिजे. राजद्रोहाचं १२४ अ कलम इंग्रजांनी १८७० मध्ये आणलं, त्याच कलमाखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ ला शिक्षा झाली, १९२२ ला गांधीजींना झाली, आणि शिक्षेनंच त्यांचा मान वाढला. (ते कलम स्वातंत्र्यानंतरही ७० हून जास्त वर्षं तसंच राहिलं, हे मात्र वादात कुणी काढत नाही.)

खरी गोची होते ती लेखक सरकारला सोडून आपल्यालाच धरतो तेव्हा. मराठीत याची सुरुवात १८४८ पासून धरता येते. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांनी 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रं लिहायला घेतली आणि स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांचा आळस, कर्मकांड, बायकांचे हाल, सगळ्यावर कोरडे ओढले. इंग्रजांचं राज्य हे आपल्याला शिकवायला आलंय असंही त्यांनी लिहिलं, आणि इथंच माणूस अडखळतो. पण त्याच माणसानं स्वदेशी माल वापरा म्हणून सांगितलं आणि हिंदुस्थानात पार्लमेंट पाहिजे असंही त्याच काळात मांडलं. पुढं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ला 'निबंधमाला' काढली आणि लोकहितवादी, फुले दोघांनाही झोडपलं, आपल्याच लोकांची अशी निंदा करायची म्हणजे काय, हा त्यांचा राग. आज गाड्यावर जो राग दिसतो तो मला वाटतं तिथनंच आलाय. गंमत बघा, त्याच चिपळूणकरांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध इंग्रज सरकारनं १९१० ला जप्त केला.

आगरकरांची केस तर सगळ्यात बोलकी आहे. टिळक आणि आगरकर दोघं १८८२ ला 'केसरी' आणि 'मराठा' तल्या लिखाणापायी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांचा बदनामीचा खटला तो. तोवर आगरकरांच्या देशभक्तीवर कुणाला शंका नव्हती. मग वाटा फुटल्या, १८८८ ला त्यांनी 'सुधारक' काढला, बालविवाह, केशवपन, सोवळं-ओवळं यावर लिहायला लागले, आणि पुण्याच्या लोकांनी जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढली, ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागली. माणूस तोच, लेखणी तीच, फक्त टीकेचं तोंड फिरलं. आधी दमेकरी, त्यात १८९५ ला अवघ्या ३९ व्या वर्षी गेले.

रवींद्रनाथांचं प्रकरण आमच्यासारख्या सुताच्या गावानं मुद्दाम वाचावं असं आहे. १९१६ ला त्यांनी जपान-अमेरिकेत जाऊन राष्ट्रवादावरच टीका केली, जपान्यांनी आधी वाजतगाजत स्वागत केलं, नंतर थंड झाले. १९१९ ला जालियनवाला बाग झाल्यावर 'सर' ही पदवी व्हाइसरॉयला परत केली. इथवर टाळ्या, पण १९२१ ला त्यांनी गांधीजींच्या चरख्यावर आणि विदेशी कापडाच्या होळीवर प्रश्न काढला, अंगावर कापड नसलेल्या माणसासमोर कापड जाळायचं कसं. गांधीजींनी आपल्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात उत्तर दिलं, एकही मुद्दा सोडला नाही, पण लेखाच्या मथळ्यातच रवींद्रनाथांना थोर पहारेकरी म्हटलं. देशद्रोही वगैरे काही नाही. असा वाद आता होईल असं मला तरी वाटत नाही. आणि राष्ट्रवादाबद्दल एवढं वाकडं बोललेल्या याच माणसाचं १९११ चं गाणं २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत झालं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न जास्तच टोकदार झाला कारण सरकारही आपलं आणि समाजही आपला. १६ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, अण्णाभाऊ साठे मुंबईत 'ये आझादी झूठी है' म्हणत मोर्चात होते. १९७२ ला दलित पँथरच्या राजा ढाल्यांनी 'साधना' साप्ताहिकाच्या स्वातंत्र्यदिन अंकात 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला, दलित बाईची विटंबना करणाऱ्याला किरकोळ दंड आणि झेंड्याच्या अपमानाला त्याहून मोठी शिक्षा, हा त्यांचा सवाल होता, पण चर्चा झाली ती झेंड्याबद्दल त्यांनी वापरलेल्या भाषेचीच, बाई बाजूलाच राहिली.

तीन वर्षांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, अध्यक्ष दुर्गा भागवत उभ्या राहिल्या आणि तुरुंगवासात तब्येत बिघडलेल्या विरोधी नेते जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री, तिथं हजर होते. पुढं १९७६ ला दुर्गाबाईंना अटक झाली. सुटल्यावर त्यांनी सरकारी मानसन्मान घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.