ऊती अभियांत्रिकीने घडवलेले लहान आतडे

रुग्णाच्या पेशी सांगाड्यावर, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या साच्यावर, वाढवून लहान आतड्याचा नवा तुकडा तयार करायचा आणि तो त्याच्याच पचनमार्गाला जोडायचा, असे हे तंत्र. गरज आहे ती शॉर्ट बॉवेल सिंड्रोमच्या रुग्णांना. प्रौढाचे लहान आतडे साधारण सहा मीटर असते. ते दोन मीटरपेक्षा कमी उरले की अन्न, पाणी आणि क्षार पुरेसे शोषले जात नाहीत. प्रौढांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे, क्रोन्स (आतड्याला सतत सूज आणणारा आजार) किंवा अपघात, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, म्हणजे आतड्याचा दाह होऊन ते सडणे, ही नेहमीची कारणे. आतडे किती उरले याइतकेच कोणते उरले हेही महत्त्वाचे असते. ब-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार शेवटच्या भागातच शोषले जातात. तो गेला तर वरचा भाग ते काम उचलत नाही.

आजार रोजच्या खाण्यापिण्यात कसा शिरतो ते नाशिकमध्ये द्राक्षांच्या हंगामात दिसते. आजाऱ्याला भेटायला जाताना द्राक्षे किंवा रस नेण्याची इथली पद्धत. पण ज्याचे मोठे आतडे जोडलेले नाही आणि पोटावर स्टोमा, म्हणजे आतड्याचे तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी लावलेली आहे, त्याला गोड रस बाधतो. दाट साखर आतड्यात पाणी ओढते आणि पिशवी भराभर भरते. नुसते पाणी आणि चहा ढोसला तरी सोडियम वाहून जाते, तहान मात्र भागत नाही. अशा रुग्णाला मीठ आणि ग्लुकोजचे मोजून केलेले द्रावण लागते, कारण हे दोन्ही घटक आतड्याच्या पेशीत एकाच वाहक प्रथिनातून एकत्र शिरतात.

एवढ्याने भागले नाही तर शिरेवाटे पोषण, म्हणजे टीपीएन. १९६० च्या दशकात स्टॅन्ली डड्रिक यांनी ते वापरात आणले आणि असंख्य जीव वाचले. पण सेंट्रल लाइनमधला, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवलेल्या नळीतला, जंतुसंसर्ग आणि यकृताची हानी हे त्याचे कायमचे धोके. शिवाय या पोषणद्रावणाच्या पिशव्यांना फ्रिज आणि घरात काटेकोर स्वच्छता हवी. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर, जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे हे निभावणे किती अवघड! २००३ मध्ये मांडलेल्या स्टेप शस्त्रक्रियेने फुगलेले आतडे नागमोडी कापून लांबवता येते, पण त्यात नवे अस्तर तयार होत नाही. प्रत्यारोपण केले तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर.

म्हणूनच स्वतःच्या पेशींचा हा ध्यास. जोसेफ व्हॅकँटी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सांगाड्यावर पेशी रोवण्याची कल्पना मांडली. पुढे उंदरांच्या पिलांच्या आतड्यातले पेशीपुंज अशा सांगाड्यावर ठेवून ते पोटातल्या चरबीच्या पडद्यात गुंडाळले गेले. काही आठवड्यांत तिथे रसांकुर (अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे) असलेली आतड्याची पिशवी वाढली. २००४ मध्ये ट्रेसी ग्रिकशाइट यांच्या प्रयोगात बहुतेक आतडे काढलेल्या उंदरांना ती जोडल्यावर त्यांचे वजन लवकर सावरले आणि रक्तातले ब-१२ चांगले राहिले.

२००९ मध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी एका मूलपेशीपासून (जिच्यापासून इतर पेशी तयार होतात अशा पेशीपासून) ऑर्गनॉइड, म्हणजे आतड्याच्या अस्तराची इवली प्रतिकृती, वाढवून दाखवले आणि पेशींचा तुटवडा बऱ्याच अंशी मिटला. २०२० मध्ये लंडनच्या गटाने आजारी मुलांच्या आतड्यातून ऑर्गनॉइड वाढवले आणि पेशी धुऊन काढलेल्या मानवी आतड्याच्या सांगाड्यावर ते बसवले. २०२१ मध्ये सातो यांच्या गटाने उंदराच्या मोठ्या आतड्याचे अस्तर खरवडून त्या जागी लहान आतड्याचे ऑर्गनॉइड लावले. सगळ्यांत हुशार वाट मला हीच वाटते: स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या तिथे आधीच असतात.

घोडे अडते ते नेमके याच तीन गोष्टींवर. अस्तर शोषून घेते, पण अन्न पुढे ढकलायला स्नायूंच्या थरांची आणि मज्जातंतूंच्या जाळ्याची एकमेकांशी जुळलेली हालचाल लागते. जाड तुकड्याला पहिल्या दिवसापासून रक्तही हवे. उंदराला पुरणारा तुकडा माणसाला कुठला पुरायला! मात्र सहा मीटर भरून काढायची गरज नाही. ज्याला थोड्यासाठी टीपीएन सोडता येत नाही, त्याला थोडीच भर पुरते.

हा उपचार अजून प्रयोगशाळेतच आहे. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य अपवाद सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी ‘स्टेम सेलने आतडे वाढवून देतो’ म्हणाले, तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागावा.